शेवटच्या नळाचे निमजे काका

आमच्या घरी पहिल्यांदा आलेल्या निमजे काकांना मी पाणी दिलं, तर ते प्यायचं सोडून त्यांनी शर्टच्या खिशातून एक काचेची नळी काढली. तिच्यात ग्लासातलं पाणी ओतलं, दुसऱ्या खिशातून एक कुपी काढून चार थेंब टाकले, अंगठा लावून नळी हलवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मी ट्रे घेऊन उभी. ट्रकमधून आमचं सामान उतरवणारे दोघं फ्रिज तसाच मध्ये टेकवून बघत राहिले.

"लिंबू," काका म्हणाले. चेहऱ्यावर नातू झाल्याचं समाधान. मग नळीतलं पाणी आमच्या सिंकमध्ये ओतलं, एका छोट्या वहीत काहीतरी टिपलं आणि निघाले.

काका, पाणी तरी घ्या, असं मी म्हटलं तर मान हलवून म्हणाले, "नाही वं पोरी. ज्याच्या नळाचं रीडिंग घ्याचं, त्याच्या घरचं पाणी प्याचं नाही. रीडिंग पातळ होते."

मला क्षणभर वेगळाच संशय आला. कोणाच्या घरचं पाणी चालतं आणि कोणाच्या घरचं नाही, हे पाहणारे महाभाग अजून शिल्लक आहेत, आणि तसं असेल तर शेजाऱ्याशी पहिल्याच दिवशी भांडून मोकळं व्हावं, म्हणून मी बाह्या सरसावल्या. भांडण मात्र हुकलं. काका कोणाच्याच घरी पाणी पीत नाहीत असं कळलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ते काटोलला सासुरवाडीला गेले, तेव्हा सासऱ्यांनी दिलेला तांब्याही त्यांनी आधी नळीत ओतला होता. रंग आला नाही. जावयाने भर ओसरीत जाहीर केलं, "तुमच्या विहिरीत काहीच नाही." सासरे बिचारे घाईघाईने जाऊन विहिरीत डोकावून आले. ही गोष्ट मला निमजे काकूंनी सांगितली, आणि सांगताना त्यांचा राग काल घडल्यासारखा ताजा होता.

काका पाणी शुद्धीकरण केंद्रात केमिस्ट होते. अख्खी नोकरी पाण्यात क्लोरीन किती टाकायचं आणि त्यातलं किती उरतं, हे काढण्यात गेली. मग ते निवृत्त झाले, असं कार्यालयाने त्यांना पत्राने कळवलं. काकांनी ते अजून मान्य केलेलं नाही. नागपूरच्या कडेला बेस्यातल्या आमच्या सोसायटीत नळाचं, बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं, असं तीन जातकुळीचं पाणी जमिनीखालच्या एका मोठ्या टाकीत येतं. या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं. कोणी दिलं नव्हतं. पण काढून घ्यायची हिंमतही कोणाची झाली नव्हती.

त्यांची मोजायची पट्टी अस्सल काटोलची, म्हणजे संत्र्यांच्या मुलखातली. पाण्यात क्लोरीन असलं की ते थेंब टाकल्यावर पिवळा रंग येतो. फिका आला तर लिंबू, म्हणजे उत्तम, बिनघोर प्या. जरा गडद आला तर मोसंबी, म्हणजे टाकीजवळच्या घरांनी नाक मुरडावं पण बोलू नये. आणि त्याहून गडद आला तर संत्रं. "संत्रं आलं का समजाचं, पाणी नाही, औषध पिऊन राहिलो आपण." आणि काहीच रंग आला नाही तर काका म्हणायचे, "कोरं." हा शब्द ते हळू आवाजात उच्चारायचे, दवाखान्यात वाईट बातमी सांगतात तसा.

डोस काढायचं गणित ते मिळेल त्या कागदावर करत. लग्नपत्रिकेची मागची बाजू, दुधाची पिशवी, एकदा माझ्या मुलीच्या सहामाहीच्या गुणपत्रिकेची कड. टाकीत वीस हजार लिटर पाणी. लिटरमागे दोन मिलिग्राम क्लोरीन हवं, म्हणजे चाळीस ग्रॅम झालं. पण पावडर म्हणजे काही सगळीच क्लोरीन नव्हे, त्यात ते जेमतेम पाव भाग. म्हणून पावडर घ्यायची एकशे साठ ग्रॅम. पिशवी उघडी राहिली आणि मे महिन्याचं ऊन लागलं की पावडरीचा जोर ओसरतो, मग गणित पुन्हा पहिल्यापासून. हे एकशे साठ ग्रॅम सुरुवातीला ते काकूंच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजायचे. त्या दिवाळीत निमज्यांकडच्या बेसनाच्या लाडवांना पोहण्याच्या तलावाचा वास होता. काकूंनी तो काटा काकांच्या अंगावर फेकला नाही, इतकंच. काकांनी दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी वेगळा काटा आणला.

"पाण्याले आधी भूक असते," काका समजावत. टाकीतली घाण, शेवाळ, टँकरवाल्याने कुठून आणलं ते देव जाणे, हे सगळं आधी क्लोरीन खाऊन टाकतं. त्याची भूक भागली की मग उरतं ते खरं. आणि उरलेलंही टिकत नाही. गच्चीवरच्या टाकीत, पाइपात, जिथे जिथे पाणी थांबतं तिथे तिथे ते विरत जातं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर दुप्पट घाईने. किती वेळात निम्मं होतं हे काकांना तोंडपाठ. पाण्याचंच कशाला, त्यांना सगळ्याचंच पाठ होतं. काकूंचा राग तीन तासांत निम्मा होतो. नव्या झाडूवालीचा उत्साह आठ दिवसांत. आमचे अध्यक्ष तिवारीजी यांचं आश्वासन मीटिंग संपून खुर्च्या उचलेपर्यंत. माझ्या नवऱ्याने नवीन वर्षात सकाळी पळायला जायचं ठरवलं, तेव्हा काकांनी त्याच्या बुटांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, "गुरुवारपर्यंत." तो बुधवारीच थांबला.

पण काकांचं खरं वेड होतं शेवटचा नळ. टाकीत किती टाकलं याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. टाकीपासून सगळ्यात लांबच्या घरात, सगळ्यात वरच्या मजल्यावर, पाइप जिथे संपतो त्या नळाला किती उरलं, यावर डोस ठरायचा. गणित तिथून उलटं मागे यायचं. आणि ही एकच फूटपट्टी ते सगळ्या जगाला लावायचे. टीव्हीवर कोणी पुढारी नवीन योजना सांगायला लागला की काका विचारणार, "ते ठीक आहे. शेवटच्या नळाले काय पोचलं?" माझ्या मुलीच्या वर्गात शिक्षिका छान शिकवतात असं मी कौतुकाने सांगितलं, तर प्रश्न, "शेवटच्या बाकावरच्या पोट्ट्याले काय समजलं?" गणपतीच्या महाप्रसादाला सगळे वाढणाऱ्याच्या मागे धावत, तेव्हा काका शेवटच्या पंगतीत शेवटच्या पानावर बसायचे. भुकेने नाही, तपासणीला. त्या पानात बुंदी पोचली तर वाढपी पास. एका वर्षी तिथे नुसता रस्सा पोचला आणि काकांनी तो वहीत "कोरं" असा नोंदवला.

सोसायटीतला शेवटचा नळ होता डी विंगमध्ये, चौथ्या मजल्यावर, चारशे दोन नंबरला. तिथे मेश्राम बाई राहायच्या. सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, निवृत्त झालेल्या. ताठ कणा, इस्त्रीची साडी, आणि बोलणं इंजेक्शनसारखं, एका दमात आणि थेट. त्यांची मुलगी आणि नातू त्यांच्याजवळच असायचे. मग मुलीची रायपूरला बदली झाली आणि बाई एकट्या राहिल्या. बरोबर चला म्हणून मुलगी खूप मागे लागली होती. बाई म्हणाल्या होत्या, माझं घर आहे, मी पाहुणी होऊन कायले येऊ.

रोज सकाळी साडेसहाला काका नळी, कुपी आणि वही घेऊन ए विंगपासून निघत आणि डी-चारशे दोनला संपवत. वाटेत सहा घरांच्या घंट्या वाजत. तिवारीजींनी एकदा टॉवेलवर दार उघडलं होतं आणि त्यानंतर त्यांचं मन पाण्यावरून कायमचं उडालं होतं. "अरे यार, सुबह सुबह आदमी चाय पियेगा या टेस्ट देगा?" ते मला विचारत. मला, कारण मी सोसायटीची सेक्रेटरी झाले होते. मिहानमधल्या एका कंपनीत दिवसभर माणसांच्या तक्रारी ऐकायच्या आणि घरी येऊन पुन्हा माणसांच्याच तक्रारी ऐकायच्या, असा माझा चौफेर विकास सुरू होता. स्वभाव मुळातच तापट, त्यात ही भर. नव्वद टक्के तक्रारी काकांच्या घंटीबद्दल असायच्या.

एकदा म्हटलं, बघावं तरी काका करतात काय, म्हणून मी त्यांच्याबरोबर फिरले. प्रत्येक घरात ते आधी स्वयंपाकघरातला नळ पूर्ण दोन मिनिटं सोडायला लावायचे. पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी वाहून गेलं की मगच नळी भरायची. हा नियम आहे, म्हणाले, नोकरीत पहिल्या दिवशी शिकवतात. तिवारीजींच्या घरी दीड मिनिटाला नळ बंद केला तर पुन्हा पहिल्यापासून सोडायला लावला. आणि मग आम्ही मेश्राम बाईंकडे गेलो. बाई नळाशी हात नेतात तोच काका म्हणाले, "सोडू नका. पहिलंच घेतो." आणि त्यांनी नळाचं अगदी पहिलं पाणी नळीत घेतलं. रंग आला, पण अगदी पुसट, लिंबाची नुसती आठवण. काकांनी ते टिपलं आणि आम्ही निघालो.

जिन्यात मी त्यांना पकडलं. काका, नियम मोडलात. तर मान वळवून म्हणाले, "तो नळ येगळा आहे." मी मनात म्हटलं, म्हातारपणी माणूस स्वतःच्याच नियमांना कंटाळतो.

त्यानंतर दोनच महिन्यांत आम्ही मशीन घेतलं. टाकीवर बसवायचं, क्लोरीन आपोआप सोडणारं, वर आकडे दाखवणारी हिरवी पाटी, आणि तेच आकडे मोबाइलवर. कल्पना माझी होती आणि मला तिचा अभिमान होता. घंट्या बंद, तक्रारी बंद, काकांनाही आराम. सर्वसाधारण सभेत मी हे सगळं समजावून सांगितलं. काका पहिल्या रांगेत वही मांडीवर घेऊन बसले होते. मशीनचं नाव ऐकून ते चिडतील म्हणून मी उत्तरं पाठ करून गेले होते. ते चिडलेच नाहीत. उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "चांगलं आहे. टाकी मशीनले द्या. ए, बी, सी विंग द्या. डी-चारशे दोनचं रीडिंग तेवढं मले राहू द्या."

मी म्हटलं, काका, मशीन सगळं बघतं. ते म्हणाले, "मशीन टाकी पाह्यते. शेवटचा नळ कोन पाह्यते?" मी म्हटलं, एकाला सूट दिली की सगळे मागतील. ते म्हणाले, एकच नळ मागून राहिलो. तिवारीजी घड्याळ बघत होते, मागून कोणीतरी जांभई दिली, आणि मला घरी जाऊन पोळ्या करायच्या होत्या. मी म्हणाले, "काका, तो नळ आहे, तुमचा वारसाहक्क नाही."

सगळे हसले. मलाही वाक्य जमल्यासारखं वाटलं. ठराव मंजूर झाला. काकांनी वही मिटली आणि कुपीचं बूच घट्ट आहे की नाही ते बघत बाहेर गेले.

दुसऱ्या दिवसापासून घंटी बंद. काका सरकारी माणूस, ठराव म्हणजे ठराव. फक्त सकाळी साडेसहाला मी दूध घ्यायला दार उघडलं की समोरच्या दारात ते उभे दिसायचे, नळी खिशात, चपला पायात, आणि जायला जागा नाही. पहिल्या दिवशी मला हसू आलं. तिसऱ्या दिवशी मी दूध घेऊन जरा घाईने दार लावलं.

पाचव्या दिवशी घंटी वाजली. काकांच्या हातात अर्ज होता. प्रति, माननीय सचिव. विषय, डी-चारशे दोन येथील नळाचा पाणी नमुना एक वेळ घेण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून. खाली सही, तारीख, आणि सोबत एक कार्बन प्रत, माझी पोच घ्यायला. कार्बनपेपर त्यांनी कुठून मिळवला, हे मला आजही कळलेलं नाही.

मी म्हटलं, काका, मोबाइलवर बघा, सगळं हिरवं आहे. त्यांनी मोबाइलकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "पाच दिवस झाले वं. तू सेक्रेटरी आहेस, तू संग चल. तुह्या समोर घेतो." एकदाचं हे मिटवावं म्हणून मी गाऊनवर ओढणी घेऊन निघाले.

मेश्राम बाईंनी दार उघडलं. साडी इस्त्रीची, केस नीट बांधलेले, चेहरा मात्र उतरलेला. आम्ही स्वयंपाकघरात गेलो. काकांनी नळाचं पहिलं पाणी नळीत घेतलं, चार थेंब टाकले, हलवलं, खिडकीकडे धरलं. नळीतलं पाणी होतं तसंच राहिलं. पुसट पिवळाही नाही.

"कोरं," काका म्हणाले.

मशीन नापास, मी नापास, उद्या तिवारीजी माझं काय करतील, हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं. तेवढ्यात काकांनी नळ सोडला. पूर्ण दोन मिनिटं, नियमाप्रमाणे. मग दुसरी नळी भरली. त्यात स्वच्छ, ताजं लिंबू उमटलं.

म्हणजे मशीन ठीक होतं, टाकी ठीक होती, पाइप ठीक होता. मी सुटकेचा श्वास टाकून काकांकडे पाहिलं, तर ते नळीकडे बघतच नव्हते. ते सिंककडे बघत होते. सिंक कोरडं. ओट्यावर एक भांडं नाही. कुकर फडताळात, त्यावर झाकलेलं फडकं. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या पाइपातलं पाणी जागच्या जागी थांबलं होतं, म्हणून त्यातलं क्लोरीन विरून गेलं होतं. एका रात्रीत पुसट होतं. पार कोरं व्हायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो. या स्वयंपाकघरात परवापासून कोणी नळ उघडला नव्हता.

काकांनी विचारलं, "बाई, जेवण झालं का रात्री?"

"झालं न," बाई एका दमात म्हणाल्या.

काकांनी वहीत टिपून घेतलं. खोटं पाडलं नाही, उपदेश केला नाही, काळजीने चेहरा केला नाही. खुर्ची ओढली, ऐसपैस बसले आणि म्हणाले, "चहा टाका न बाई. तिघांचा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस सासऱ्यांचा तांब्या नाकारणारा. बाईंनी पातेलं काढलं, नळाखाली धरलं, गॅस पेटवला. चहा झाला. काकांनी बिस्किटं मागितली, बाईंनी डबा उघडला, दोन त्यांना दिली आणि हात जवळच होता म्हणून दोन स्वतः खाल्ली. चहा पिताना बाई माझ्याकडे वळून जरा ओशाळून म्हणाल्या, "एकटीसाठी काय कुकर लावाचा, बाई."

खाली उतरल्यावर काकांनी घरी फोन लावला आणि काकूंना एकच शब्द सांगितला, "कोरं." अर्ध्या तासाने निमजे काकू झुणका, भाकरी आणि ठेचा घेऊन डी विंगकडे जाताना दिसल्या. मी त्यांना गाठलं. काकू म्हणाल्या, "जास्त झालं होतं म्हनून नेऊन राहिली." आणि मला आठवलं, गेली दोन वर्षं काकूंकडची भाजी अधूनमधून जास्त होते आणि दर वेळी ती डी विंगलाच जाते. मला वाटायचं, काकूंना अंदाज नाही. अंदाज फक्त मला नव्हता. मी काही विचारायच्या आत काकू म्हणाल्या, "त्याह्यले विचारलं तं सांगतात, झालं जेवण. नळ खोटं नाही बोलत न वं."

त्या दिवशी मी मिहानला उशिरा पोचले. वारसाहक्काचं ते वाक्य दिवसभर डोक्यात वाजत होतं आणि मला मनापासून स्वतःची लाज वाटत होती. संध्याकाळी मी रजिस्टर काढलं आणि लिहिलं की मशीनची खातरजमा करण्यासाठी डी-चारशे दोनचा नमुना रोज घेण्यात यावा, आणि हे काम श्री. निमजे यांनी करावं. तिवारीजींना सांगितलं, तांत्रिक बाब आहे. तांत्रिक म्हटलं की तिवारीजी सही करतात.

पुढे एकदा जिन्यात मेश्राम बाई भेटल्या. मी आडून आडून विचारलं की काका रोज येतात त्याचा त्रास नाही ना. बाई हसल्या. म्हणाल्या, "मले का समजत नाही का पोरी, तीस वरसं लोकाईचं टेंपरेचर घेतलं मी. म्हणून तं सकाळी ते येतपर्यंत मी नळाले हात नाही लावत. त्याह्यचं रीडिंग खरं यावं."

मशीन अजून आहे. काका त्याला जावई म्हणतात. आणताना खर्च, आणल्यावर मान, आणि काम किती केलं ते विचारायचं नाही. त्याची हिरवी पाटी काका रोज बघतात आणि रोज तिच्यावर अविश्वास दाखवून पुढे जातात.

हे सगळं मी सांगितलं ते एका सकाळसाठी. यंदा जूनमध्ये मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि महिनाभरात नवऱ्याला कंपनीने हैदराबादला पाठवलं, सहा महिन्यांसाठी. मला काही वाटलं नाही. उलट मी सगळ्यांना सांगत होते की आता काय मजा आहे, डबे नाहीत, पोळ्या नाहीत, टीव्हीचा रिमोट माझा. दुपारी कंपनीत कँटीन होतं. रात्री टोस्ट, कधी फुटाणे, कधी नुसतीच झोप. पिण्याचं पाणी मी ऑफिसमधून बाटलीत आणत असे. चहा करायचंही जिवावर यायचं. एका कपासाठी पातेलं कुठे घासत बसा.

दोन सुट्ट्या जोडून आल्या होत्या. फुटाण्यांवर आणि झोपेवर त्या काढून तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, तोच घंटी वाजली. दारात निमजे काका. नळी, कुपी, वही. मला वाटलं, काही तांत्रिक काम असेल. ते सरळ स्वयंपाकघरात गेले. मी सवयीने नळ सोडायला पुढे झाले, दोन मिनिटं.

"सोडू नको," काका म्हणाले. "पहिलंच घेतो."

मी तिथेच थांबले. त्यांनी पहिलं पाणी घेतलं, चार थेंब टाकले, हलवलं, आणि अकरा वर्षांपूर्वी धरली होती तशीच नळी त्याच खिडकीकडे धरली. मला रंग बघायची गरज नव्हती. माझं सिंक कोरडं होतं, हे मला दिसत होतं.

काकांनी कोरं हा शब्द उच्चारला नाही. वहीत टिपलं. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, रात्री जरा उशीर झाला, बाहेरच जेवून आले. बोलताना माझा आवाज थेट मेश्राम बाईंसारखा आला, एका दमात.

"हो न," काका म्हणाले. वहीचं पान मी तिरक्या नजरेने पाहिलं. वर लिहिलं होतं, शेवटचा नळ. त्याखाली डी-चारशे दोन, आणि त्याखाली नव्या शाईत आमच्या घराचा नंबर. टाकीपासून आमचं घर वीस पावलांवर आहे. सोसायटीतला सगळ्यात पहिला नळ आमचा.

मला रडू यायला लागलं. तापट माणसाला रडू आलं की त्याचा आधी राग येतो, म्हणून मी रागाने डबे वरखाली करायला लागले. मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. काका ऐसपैस बसले होते.

"चहा टाक वं पोरी," ते म्हणाले. "दोघांचा. आन् आधी मले पानी दे."

मी नळ सोडला. दोन मिनिटं वाहू दिला, मग ग्लास भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी नळी काढली नाही. ग्लास तोंडाला लावला आणि घटाघट सगळं पाणी पिऊन टाकलं.